पगाराची इंग्रजी नावं : सॅलरी कुठे, वेजेस कुठे आणि 'पेमेंट' का नको

भोसरी-चाकण पट्ट्यात कुणी नवीन कामाला लागला की पहिला प्रश्न येतो, "पेमेंट किती?" शॉपवरचा जोडीदार विचारतो, खोलीमालक विचारतो, स्थळ घेऊन आलेला मामाही तेच विचारतो. मराठी बोलण्यात हा शब्द आता पक्का बसलाय, तो बदलायची काही गरज नाही. पण तोच उचलून इंग्रजी अर्जात "माय पेमेंट इज एटीन थाउजंड" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळत नाही ही कसली रक्कम. इंग्रजीत पेमेंट म्हणजे पैसे चुकते करणं, किंवा एका वेळी दिलेली एक रक्कम. लाइटबिलाचं पेमेंट, मालवाल्याचं पेमेंट, मोटारसायकलच्या हप्त्याचं पेमेंट. नोकरीबद्दल दरमहा हातात पडतं त्याचं नाव ते नव्हे.

मी कारखान्यात टाइम ऑफिसात लागले, पुढे पगार विभागात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता संध्याकाळी आयटीआयच्या मुलांना इंग्रजीत अर्ज आणि मेल लिहायला शिकवते. समानार्थी शब्दांच्या पुस्तकांत सॅलरी, वेजेस, रिम्युनरेशन, स्टायपेंड अशी रांग असते आणि प्रत्येकापुढे 'वेतन, पगार, मोबदला' छापलेलं असतं. त्या रांगेने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. अर्थ जवळजवळचे असले तरी एकाच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसता येत नाही. आणि हा नुसता भाषेचा प्रश्न नाही. नेमणूकपत्रात कुठला शब्द पडलाय त्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि टॅक्स यांचे हिशेब फिरतात.

शब्द निवडण्याआधी मुलांना मी एवढंच विचारायला सांगते: हे पैसे नेमके कशाबद्दल मिळतायत? पद सांभाळल्याबद्दल, भरलेल्या तासांबद्दल, एका ठरावीक कामाबद्दल, शिकता शिकता राबल्याबद्दल, मान म्हणून, की खिशातून गेलेला खर्च भरून द्यायला? याचं उत्तर मिळालं की शब्द बहुतेक वेळा ठरूनच येतो.

सॅलरी आणि वेजेस

सॅलरी पदाला चिकटलेली असते. महिन्याचा किंवा वर्षाचा आकडा आधी ठरतो, आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा असला तरी तो बदलत नाही. शिक्षक, बँकेतला क्लार्क, इंजिनिअर, मॅनेजर यांची ती सॅलरी. वेजेस चिकटलेले असतात भरलेल्या वेळेला किंवा काढलेल्या नगांना. तासाचा दर, रोजाचा दर, नगाचा दर. गावाकडे "हजेरी किती?" विचारतात, तीच इंग्रजीतली डेली वेज. हजेरीवाल्याचा खाडा पडला की त्या दिवसाचा रोज बुडाला. सॅलरीवाल्याची आधी शिल्लक रजा जाते, मग पैसे.

त्यामुळे पाचशे रुपये रोजावर काम केलेल्या मुलाने बायोडेटात 'सॅलरी : फाइव्ह हंड्रेड पर डे' असं लिहिलं की खटकतं. तिथे 'डेली वेज' हवं. उलट इंजिनिअरने स्वतःच्या पगाराला 'माय वेजेस' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं हा गडी हजेरीवर आहे.

नगावरच्या मजुरीला पीस रेट म्हणतात. आपल्याकडचं ठळक उदाहरण ऊसतोडीचं. बीडकडून नवरा-बायकोची जोडी निघते, ती जोडी म्हणजे एक कोयता. मजुरी टनावर, आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल. यावर इंग्रजीत लिहिणारे कधीकधी उचलीलाही वेजेस म्हणून मोकळे होतात. टनावरची कमाई म्हणजे पीस-रेट वेजेस. उचल म्हणजे ॲडव्हान्स, आणि ती हंगामभर फेडायची असते. दोन्हींना एकच शब्द लावला की मजुराच्या डोक्यावरचं कर्ज वाक्यातून गायबच होतं. 'ॲन ॲडव्हान्स अगेन्स्ट वेजेस' असं लिहिलं म्हणजे नीट.

व्याकरणातही दोघांची चाल वेगळी. वेजेस हे सहसा अनेकवचनीच वापरतात: 'माय वेजेस आर लो'. एकवचनी 'वेज' दुसऱ्या शब्दाच्या जोडीला येतं: वेज बोर्ड, वेज स्लिप, मिनिमम वेज, डेली वेज. एका माणसाची सॅलरी मात्र एकवचनीच. 'माय सॅलरीज आर पेंडिंग' असं तीन महिने थकलेल्या मुलाने लिहिलं होतं. महिने तीन असले तरी 'माय सॅलरी फॉर द लास्ट थ्री मंथ्स' असंच लिहायचं. क्रियापदंही ठरलेली आहेत. सॅलरी 'ड्रॉ' करतात, म्हणून 'लास्ट ड्रॉन सॅलरी' हा रकाना. वेजेस 'अर्न' करतात. फी 'चार्ज' करतात. अलाउन्स 'क्लेम' करतात.

आता यातली अडचण. कायद्याच्या पुस्तकात वेजेस या शब्दाचं पोट फार मोठं आहे. तिथे तो फक्त मजुरीसाठी नाही, महिन्याचा पगारही त्यातच येतो. १९३६ चा कायदा पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट, १९४८ चा मिनिमम वेजेस ॲक्ट, १९६५ चा पेमेंट ऑफ बोनस ॲक्ट, १९७६ चा इक्वल रिम्युनरेशन ॲक्ट. नावं पाहा, चार कायद्यांत वेजेस, बोनस, रिम्युनरेशन असे तीन वेगळे शब्द. २०१९ च्या वेतन संहितेने या चौघांना एकत्र केलं आणि संहितेचं इंग्रजी नाव ठेवलं कोड ऑन वेजेस. म्हणून कायद्याचा कागद वाचताना बोलीतला अर्थ बाजूला ठेवायचा आणि सुरुवातीची व्याख्या शोधायची. या संहितेच्या व्याख्येत एक मेख आहे. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता वगैरे वेजेसमधून वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग पुन्हा वेजेसमध्ये धरायचा. बेसिक, म्हणजे मूळ पगार, मुद्दाम बारीक ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती यामुळे अडते, कारण ग्रॅच्युइटीसारखे हिशेब वेजेसवरच चालतात.

शब्दांची उतरंड बघायची असेल तर राज्यघटनेची इंग्रजी प्रत उघडा. राष्ट्रपतींना मिळतात ते इमॉल्युमेंट्स (कलम ५९). खासदारांना सॅलरीज आणि अलाउन्सेस (कलम १०६). स्त्री-पुरुषांना समान कामाला समान 'पे' (कलम ३९). आणि कामगाराला 'लिव्हिंग वेज' (कलम ४३). पैसे सगळ्यांचे कामाचेच, पण शब्द खुर्ची बघून आलेत. मला हे वर्गात दाखवायला आवडतं, कारण मुलं हसतात आणि मग विसरत नाहीत.

लिव्हिंग वेज म्हणजे मिनिमम वेज नव्हे, एवढं जाता जाता. मिनिमम वेज ही कायद्याने आखलेली खालची रेषा, तिच्या खाली द्यायचंच नाही. लिव्हिंग वेज म्हणजे अन्न-वस्त्राबरोबर मुलांचं शिक्षण, आजारपण, म्हातारपण यांचीही सोय होईल इतकं. या दोहोंच्या मधली पायरी फेअर वेज.

पे

काय लिहावं सुचत नसेल तेव्हा 'पे' लिहा. तो कुठेही उपरा वाटत नाही. पे स्लिप, पे रोल, पे स्केल, पे कमिशन. सरकारी नोकरीत हाच शब्द चालतो, म्हणून सातवा 'पे' कमिशन (१ जानेवारी २०१६ पासून लागू) आणि पत्रकारांसाठी नेमलं ते मात्र 'वेज' बोर्ड. मराठीत पहिल्याला वेतन आयोग, दुसऱ्याला वेतन मंडळ, दोन्हीकडे वेतनच.

पे चं अनेकवचन होत नाही. दोन दिवसांचा पगार म्हणजे 'टू डेज पे', आणि इथे डेजच्या एस नंतर वर स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं. हे सगळ्यात जास्त लागतं कपातीच्या तक्रारीत. मुलं लिहितात, "माय सॅलरी वॉज डिडक्टेड." मराठीत 'माझा पगार कापला' हे बरोबर आहे, सगळ्यांना कळतं की थोडा कापला. इंग्रजीत डिडक्ट होते ती रक्कम, आणि ती होते पगारातून. म्हणून "टू डेज पे वॉज डिडक्टेड फ्रॉम माय सॅलरी." असं लिहिलं तर पगार विभागातल्या माणसाला नेमकं कुठे बघायचं तेही समजतं. बिनपगारी रजेला आपल्या कंपन्यांत 'लॉस ऑफ पे' किंवा नुसतं 'एलओपी' म्हणतात. परदेशातल्या माणसाशी बोलताना 'अनपेड लीव्ह' म्हणा.

पगारवाढीचंही असंच. ठरलेल्या तारखेला दरवर्षी मिळते ती इन्क्रिमेंट. आपली वर्तमानपत्रं 'हाइक' लिहितात. इंग्लंडात 'पे राइज', अमेरिकेत 'रेज'. मागच्या तारखेपासून वाढ लागू झाली की मधला फरक मिळतो तो 'एरिअर्स', कायम शेवटी एस लावून. एक महिन्याचा फरक असला तरी एरिअर्सच.

पे स्लिपवरचे आकडे

मुलाखतीत 'करंट सॅलरी' विचारली की आकडा कुठला सांगायचा, यात भले भले गडबडतात, कारण एकाच नोकरीला तीन आकडे असतात. समजा नेमणूकपत्रात महिन्याचा सीटीसी २५,००० रुपये लिहिलाय. सीटीसी म्हणजे कॉस्ट टु कंपनी, तुमच्यामुळे कंपनीला पडणारा खर्च. त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००, घरभाडे आणि बाकीचे भत्ते ८,२००, आणि कंपनीने स्वतःच्या बाजूने भरायचा पीएफ १,८००, म्हणजे १५,००० चे १२ टक्के. हे १,८०० कधी तुमच्या हातात येणार नाहीत, ते पीएफ खात्यात जातात. म्हणून ग्रॉस झाला २३,२००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,८०० जातो, आणि प्रोफेशन टॅक्स २००. उरले २१,२००. हा नेट पे, टेक-होम. फेब्रुवारीत महाराष्ट्राचा प्रोफेशन टॅक्स ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात २१,१००. दर मार्चला "मॅडम, शंभर रुपये कुठे गेले?" म्हणून खिडकीवर रांग लागायची. बायका त्या रांगेत कमी असायच्या, कारण त्यांना आता २५,००० पर्यंत हा टॅक्स नाही.

'इन-हँड सॅलरी' हा शब्द भारतात सगळीकडे चालतो. दुबईला किंवा जर्मनीला अर्ज करताना 'टेक-होम पे' किंवा 'नेट सॅलरी' लिहा. आणि 'एलपीए' (लॅख्स पर ॲनम, म्हणजे वर्षाला किती लाख) तर अजिबात नको, लाख हा हिशेब तिकडे कुणाला कळत नाही.

नव्या कंपनीत आकडा सांगताना 'ग्रॉस' की 'सीटीसी' हे त्या आकड्याबरोबर बोलायचंच. "माय करंट ग्रॉस इज ट्वेंटी-थ्री थाउजंड टू हंड्रेड अ मंथ." नाहीतर तुम्ही नेट सांगता, ते त्याला सीटीसी समजतात, आणि त्यावर वाढ देतात. पगार विभागात बसून असे कागद मी बरेच पाहिले. बिचाऱ्या मुलाला वाढ मिळाल्यासारखी वाटते आणि पहिल्या पगारात कळतं की होता तिथेच आहे.

स्टायपेंड आणि ऑनररियम

शिकणाऱ्याला मिळतं ते स्टायपेंड, मराठीत विद्यावेतन. आयटीआय झाल्यावर अप्रेंटिस म्हणून वर्ष काढणारा, एमबीबीएसनंतरचा इंटर्न, संशोधन करणारा. 'स्टायफंड' असं बोलतात आणि तसंच लिहितातही. शेवटी पेंड आहे, फंड नाही. १९६१ च्या अप्रेंटिसेस ॲक्टखाली घेतलेल्या अप्रेंटिसचा पीएफ कापत नाहीत, तो नोकरदार मानला जात नाही. म्हणून अप्रेंटिसशिपच्या वर्षाबद्दल लिहिताना "आय रिसीव्ह्ड अ स्टायपेंड" लिहायचं, "सॅलरी" नाही. पुढच्या कंपनीने पीएफ खात्याचा नंबर मागितला तर उत्तर तयार असतं.

गंमत अशी की रोमन सैनिकाच्या पगाराला लॅटिनमध्ये नाव होतं स्टिपेंडियम. आणि सगळीकडे फिरणारी गोष्ट काय, तर रोमन सैनिकांना मीठ पगार म्हणून द्यायचे आणि त्यावरून सॅलरी. सॅलरीचं नातं मिठाच्या लॅटिन शब्दाशी आहे हे खरं, पण मिठाची पोती घेऊन घरी जाणारे सैनिक हा पुढे जोडलेला मसाला आहे, त्याला धड पुरावा नाही. आपला 'पगार' तर पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या भाषेत पागार म्हणजे पैसे देणे.

ऑनररियम म्हणजे मानधन. इंग्रजीत सुरुवातीला एच लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून 'ॲन ऑनररियम'. व्याख्यानाला बोलावलेल्या पाहुण्याला, पेपर तपासणाऱ्याला, स्पर्धेच्या परीक्षकाला देतात ते. यात भाव असा की तुमच्या कामाची किंमत करत नाही, फक्त मान राखतो. म्हणून पाहुण्याला मेल लिहिताना "व्हॉट इज युवर रेट?" विचारू नये. "वुई वुड लाइक टु ऑफर यू अ स्मॉल ऑनररियम" असं लिहावं आणि त्यापुढे आकडा लिहावा. स्मॉल म्हणून आकडा गुलदस्त्यात ठेवणारे आयोजक मला आवडत नाहीत.

पण हाच शब्द अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंनाही लावलाय. रोज काम, रजिस्टरं, सर्वेक्षणं, आणि कागदावर मात्र मानधन, कारण वेतन म्हटलं की नोकरीचे हक्क मागोमाग येतात. अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या ग्रॅच्युइटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ऑनररियम हा शब्द बाजूला सारला आणि मिळणारी रक्कम ग्रॅच्युइटी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वेजेसच आहे असं सांगितलं. कागदावरचा शब्द आणि प्रत्यक्ष काम यांत फट पडली की शेवटी काम बघितलं जातं. पण त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

फी

वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, अनुवादक, वेबसाइट बनवणारा स्वतंत्र माणूस, यांच्या मोबदल्याला फी. आपल्याकडे फी म्हटलं की शाळेची आठवते, पण देणाऱ्याच्या बाजूने जी फी तीच घेणाऱ्याच्याही बाजूने. "माय फी फॉर द लोगो इज ट्वेल्व्ह थाउजंड." इथे सॅलरी लिहिलं तर चूक, आणि 'चार्जेस' लिहिलं तर चालेल पण जरा दुकानदारी वाटते. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गॅरेजवाला यांना चार्जेस शोभतो: लेबर चार्जेस, सर्व्हिस चार्जेस. पेमेंट हा शब्द इथे हक्काने वापरा: "पेमेंट विदिन फिफ्टीन डेज ऑफ इनव्हॉइस." विक्रीवर टक्क्याने मिळतं ते कमिशन, शेअर किंवा जागेच्या व्यवहारातलं ब्रोकरेज. त्याला फी म्हणत नाहीत.

फी वर जास्त बोलते, कारण हल्ली पोरांना यातच फसवतात. काम रोजचं, वेळ नऊ ते सहा, सुट्टी विचारून, साहेब डोक्यावर, पण पत्रावर लिहिलेलं असतं 'कन्सल्टंट' आणि पैशापुढे 'प्रोफेशनल फी'. सही करण्याआधी हे दोन शब्द शोधा. फी लिहिली की बहुधा पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. आयकरातही सॅलरीवाल्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं (२०२४-२५ पासून नव्या करपद्धतीत ७५,०००), फी घेणाऱ्याला ते नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात सॅलरीवरच्या कपातीचा दाखला फॉर्म १६, आणि फीवर साधारण १० टक्के कापून हातात यायचा तो फॉर्म १६ ए. होम लोनला गेलात की बँक पहिलं तेच विचारते. हे सगळं समजून-उमजून फीवर काम करणारे लोक आहेत आणि त्यांचं चांगलं चाललंय. माझा रोख आहे तो पहिल्या नोकरीच्या आनंदात न वाचता सही करणाऱ्यांकडे.

जड शब्द

रिम्युनरेशन हा शब्द सगळ्यांना आवडतो आणि निम्मे लोक तो 'रिन्युमरेशन' असा म्हणतात. आधी म्यु, मग न. तोंडात बसत नसेल तर वापरू नका, पे म्हणा. तो शोभतो करारात, कंपनीच्या अहवालात, निवडणुकीच्या कामाच्या आदेशात. सॅलरी, फी, कमिशन, बैठकीचा भत्ता असं मिश्रण एका शब्दात बांधायचं असेल तेव्हा त्याचा खरा उपयोग, म्हणून 'डायरेक्टर्स रिम्युनरेशन'. बोलताना "व्हॉट इज युवर रिम्युनरेशन?" म्हणणं म्हणजे घरातल्या चहाला शालू नेसून बसण्यासारखं.

कॉम्पेन्सेशनबद्दल सावध राहा. अमेरिकेत तो पगार-बोनस-शेअर सगळ्याला मिळून वापरतात, आणि तिथल्या कंपनीच्या पुणे ऑफिसातही 'कॉम्पेन्सेशन अँड बेनिफिट्स' नावाचा विभाग असतो. आपल्या सरकारी आणि कोर्टाच्या भाषेत कॉम्पेन्सेशन म्हणजे नुकसानभरपाई: धरणात जमीन गेली, मशीनमध्ये बोट गेलं, कामावरून कमी केलं. एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीला "आय वुड लाइक टु डिस्कस माय कॉम्पेन्सेशन" असं लिहिलंत तर मालक आधी वकिलाला फोन लावेल.

इमॉल्युमेंट्स तुम्हाला लिहावा लागणार नाही. सरकारी फॉर्मवर वाचावा लागेल, पेन्शनच्या कागदांत विशेषतः. मराठी शासनभाषेत त्याला वित्तलब्धी म्हणतात, म्हणजे दोन्हीकडे सारखंच अवघड.

पगाराच्या आगेमागे

भत्ता म्हणजे अलाउन्स आणि खर्चाची भरपाई म्हणजे रीइम्बर्समेंट, यांत गोंधळ नको. अलाउन्स ठरलेला असतो, खर्च झाला की नाही कुणी बघत नाही. रीइम्बर्समेंटला बिल लागतं, आणि जेवढं बिल तेवढेच पैसे. "प्लीज रीइम्बर्स मी फॉर द टॅक्सी फेअर" असं वाक्य बसतं, माणूस आधी, खर्च 'फॉर' नंतर. महागाई भत्ता नोकरीत असताना डिअरनेस अलाउन्स, निवृत्त झालात की त्याचं नाव डिअरनेस रिलीफ. कंपनीची गाडी, कंपनीचं घर या सोयी म्हणजे पर्क्स. टॅक्सच्या कागदावर त्याचा पूर्ण शब्द येतो, पर्क्विझिट. त्याला 'प्रीरिक्विझिट' वाचू नका, त्याचा अर्थ पूर्वअट.

बोनस दिवाळीला मिळतो म्हणून बक्षीस वाटतो, पण पात्र कामगाराला कायद्याने तो किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, म्हणजे वर्षाच्या बाराव्या हिश्श्याइतका, आणि जास्तीत जास्त २० टक्के. कायद्याचं बंधन नसताना दिली जाते ती एक्स-ग्रेशिया. मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचा दिवाळीचा 'बोनस' कागदावर सानुग्रह अनुदान असतो, तो हाच शब्द. इंग्रजी अर्जात 'माय बोनस इज ड्यू' लिहिता येतं. एक्स-ग्रेशिया ड्यू कधीच नसतो, मिळाला तर मिळाला.

ग्रॅच्युइटीची मजा न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्या आमच्या एका सहकारीण बाईंनी सांगितली. हॉटेलच्या बिलावर 'ग्रॅच्युइटी इन्क्लुडेड' वाचून त्यांना वाटलं वेटरची पीएफ-ग्रॅच्युइटी आपल्याकडून घेतायत की काय. तिकडे ग्रॅच्युइटी म्हणजे टिप. इथे ग्रॅच्युइटी म्हणजे आधी १९७२ च्या कायद्याखालची आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेखालची, नोकरी सोडताना साधारणपणे सलग ५ वर्षं झालेल्याला मिळणारी रक्कम. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून २६,००० असेल तर त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, म्हणजे १५,०००, आणि नोकरीची वर्षं १० असतील तर दीड लाख. पगार महिन्याचा असला तरी भागायचं २६ नेच, ३० ने नाही. ३० ने भागून दाखवणारा हिशेब हातात आला तर परत पाठवा.

फॉर्मवरचा रकाना

'एक्स्पेक्टेड सॅलरी' या रकान्यात 'ॲज पर कंपनी नॉर्म्स' लिहायची पद्धत पडलीय. माझ्या मते ती सोडावी. आकडा लिहा, पुढे ग्रॉस की सीटीसी लिहा, आणि वाटाघाटीची तयारी असेल तर 'निगोशिएबल' एवढा एकच शब्द. परदेशी फॉर्मवर बहुतेक ठिकाणी वर्षाचा आकडा मागतात, महिन्याचा टाकलात तर बाराव्या हिश्श्यात स्वतःला विकाल.

पगार थकला तर मेल छोटा ठेवायचा. विषयात महिना: "नॉन-रिसीट ऑफ सॅलरी फॉर जून". खाली, "माय सॅलरी फॉर जून हॅज नॉट यट बीन क्रेडिटेड. काइंडली लेट मी नो द डेट ऑन व्हिच इट विल बी पेड." रोजावर असाल तर "माय वेजेस फॉर जून हॅव नॉट", इथे हॅज चालणार नाही. अप्रेंटिसने स्टायपेंड लिहावं. फीवर काम केलं असेल तर इनव्हॉइसचा नंबर आणि तारीख पहिल्याच ओळीत टाका, कारण हिशेबनीस नाव बघत नाही, नंबर बघतो. महिन्याच्या पगाराचा असा मेल ८ तारखेला सकाळी जावा. वेतन संहितेप्रमाणे मागच्या महिन्याचे वेजेस ७ तारखेच्या आत द्यायचे असतात, त्यामुळे तारखेवरूनच समोरच्याला कळतं की तुम्हाला नियम माहीत आहे.